ताई, स्कीइंगला जायचंय पण घरात दोन पार्ट्या झाल्यात

पत्र: ताई नमस्कार. आम्ही मूळचे पुण्याचे, दोन वर्षं झाली म्युनिकला आहोत. फेब्रुवारीत फाशिंगच्या, म्हणजे इकडच्या कार्निव्हलच्या, सुट्टीत ऑस्ट्रियात टायरॉलला, एल्माऊ नावाच्या गावी आठवडाभर स्कीइंगला जायचं चाललंय. मी, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि तेव्हाच पुण्याहून येणारे सासू-सासरे. आमच्यापैकी कुणीच कधी स्कीइंग केलेलं नाही, सोलांगला एकदा भाड्याचे बूट घालून तासभर फोटो काढलेत तेवढंच. नवरा म्हणतो क्लासला कशाला पैसे घालवायचे, यूट्यूब बघून येतं सगळं. सासूबाई म्हणतात पैसे देऊन हातपाय मोडून घ्यायचे हे कुठलं शहाणपण. ऑफिसातले जर्मन म्हणतात तीन वर्षांची पोरं करतात, त्यात काय. काय विकत घ्यायचं, काय भाड्याने, इन्शुरन्सचं काय, आई-बाबा दिवसभर काय करणार? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. जाऊ का नको?
– गोंधळलेली म्युनिककर

ताईचं उत्तर:

अगं जा. बिनधास्त जा. सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये, माझा डावा गुडघा त्याचा पुरावा आहे, पण तो किस्सा थोड्या वेळाने सांगते, आधी तुझे प्रश्न घेऊ.

एल्माऊ निवडलंत ते फार बरं केलंत. गाव जेमतेम आठशे मीटरवर आहे, म्हणजे आपलं माथेरान आहे साधारण तेवढंच, आणि गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेने, वर हार्टकायझरला गेलात तरी १,५५५ मीटर, कळसूबाईसुद्धा त्याच्यापेक्षा उंच आहे. त्यामुळे विरळ हवेने बाबांचं बीपी वाढेल वगैरे काळजी नको, ती भानगड स्वित्झर्लंडमध्ये झेरमॅटला वर ३,८८३ मीटरवर क्लाइन मॅटरहॉर्नला लिफ्टने एकदम चढून गेलं की होते. इतक्या कमी उंचीचा तोटा एकच, बर्फाचा भरवसा कमी. मशीनने बर्फ करून पिस्ट, म्हणजे स्की करायची आखलेली वाट, पांढरी ठेवतात, पण दोन्ही बाजूला हिरवं गवत दिसलं तर हिरमुसू नका. मुलीची शाळा आहे म्हणून तुम्हाला फाशिंगशिवाय पर्याय नाही हे मला माहितीये (जर्मनीत शाळा बुडवून फिरायला जाणं कसं अंगाशी येतं ते कळलं असेलच एव्हाना), नाहीतर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा स्वस्तही असतो आणि गर्दीही नसते. फाशिंगला अख्खं बव्हेरिया एकाच आठवड्यात त्याच रस्त्याला लागतं.

म्हणून आधी फ्लॅट बुक करून मग बाकीचं बघू असं करू नको, आधी स्की स्कूलमधली मुलीची जागा पक्की कर. त्या आठवड्यात पोरांचे ग्रुप भरून जातात आणि मग सगळं असून मुलगी दिवसभर आईबापाच्या मागे रडत फिरते. राहायला किचनवाली फेरीनवोनुंग, म्हणजे सुट्टीपुरता भाड्याचा फ्लॅट, घे, हॉटेल नको, संध्याकाळी पाय इतके दुखतात की मुगाच्या खिचडीसारखं दुसरं सुख नसतं. शनिवारी सगळी घरं रिकामी होऊन नवीन लोक येतात, तेव्हा एकतर पहाटे निघा नाहीतर सरळ रविवारी जा, एरवी दीड तासाचा रस्ता शनिवारी दुपारी चार तासांचाही होतो. कुफस्टाइन-झ्यूडला हायवे सोडलात तर तिथपर्यंत ऑस्ट्रियाचं विनिएट, म्हणजे हायवेच्या टोलचं स्टिकर, लागत नाही, ते नसलं तरी चालेल, विंटर टायर मात्र हवेतच, आणि बर्फ पडायचा अंदाज असला तर डिकीत टायरला लावायची चेन ठेवा आणि ती घरी पार्किंगमध्ये एकदा लावून बघा. वीस गाड्या हॉर्न मारतायत, बोटं गोठलीत आणि नवरा मोबाइलच्या उजेडात मॅन्युअल वाचतोय हे दृश्य मी पाहिलंय, नवरा माझाच होता.

आता यूट्यूब. तुझ्या नवऱ्याला माझ्याकडून सांग की पडल्यावर उठायचं कसं याचे व्हिडिओ खुशाल बघ, ते खरंच उपयोगी पडतात, पण थांबायला कुणी व्हिडिओ बघून शिकत नाही. स्कीला ब्रेक नसतो. स्कीची मागची टोकं फाकवून पुढची जवळ आणायची, आतल्या कडांवर जोर द्यायचा, मग वेग कमी होतो, इकडे पोरांना शिकवताना त्याला पिझ्झा म्हणतात आणि दोन्ही स्की सरळ समांतर केल्या की पोम्स, म्हणजे फ्रेंच फ्राइज. तुझी मुलगी दुसऱ्या दिवशी 'पिझ्झाऽऽ' ओरडत तुमच्या बाजूने निघून जाईल आणि तुम्ही दोघं आडवे पडलेले असाल, त्याची मनाची तयारी ठेवा. मोठ्यांनीही निदान तीन दिवस ग्रुप क्लास करा, साधारण दोन तास सकाळी आणि दोन दुपारी असतात. आणि नवऱ्याने बायकोला शिकवायचं नाही आणि बायकोने नवऱ्याला, ड्रायव्हिंगला जे लागू तेच इथे. पहिले दोन दिवस मोठ्या एरियाचा पास घेऊच नका, तो मोठ्या माणसाला दिवसाला साठ-सत्तर युरोच्या पुढे जातो आणि तुम्ही असणार खालच्या मैदानात सरकत्या पट्ट्यावर, तिथला पास वेगळा आणि बराच स्वस्त असतो.

भाड्याने काय घ्यायचं तर स्की, बूट, काठ्या, सगळं गावातल्याच दुकानातून, म्हणजे बूट चावला तर संध्याकाळी जाऊन बदलता येतो, आणि बदलाच, संकोच नको. बुटात एकच पातळ लांब मोजा, दोन मोजे घातले की ऊब येत नाही, रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतो. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे किंचित टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की सुटला पाहिजे, आणि टाच उचलता कामा नये. मुलीचे बूट वाढत्या अंगाचे घ्यायचे नाहीत! आपली खोड असते ती. ढगळ बुटात पाय वळतो पण स्की वळत नाही.

दुकानात एक फॉर्म भरून घेतात, वजन, उंची, वय आणि तुम्ही कसे स्की करता, सावकाश, मध्यम की जोरात. हा फॉर्म गंमत म्हणून नसतो. त्यावरून आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून बाइंडिंगचा आकडा ठरतो, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारं जे खटकं असतं ते पडल्यावर किती जोर आला की सुटेल ते. मी पहिल्या वर्षी वजन आठ किलो कमी सांगितलं होतं, मागे लाइनीत नवऱ्याचे ऑफिसवाले उभे होते ना. परिणाम असा की लिफ्टवरून उतरताना तीनदा स्की आपोआप सुटून एकटीच खाली निघाली आणि तिच्या मागे मी एका पायावर. पुरुष मंडळी उलटं करतात, पहिलाच दिवस असून 'मध्यम' वर टिक मारतात, मग खटकं घट्ट बसतं आणि सुटायला हवं तेव्हा सुटत नाही. तो प्रकार जास्त वाईट, कारण मग जे वळायचं ते गुडघ्यात वळतं.

कपड्यांवर फार पैसे घालू नको. आतून थर्मल, मधे फ्लीस, वरून वॉटरप्रूफ जॅकेट-पँट, डेकॅथ्लॉनमध्ये सगळं मिळतं, मुलीचं तर क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर सेकंडहँड घे, पुढच्या वर्षी तोकडं होणारच आहे. कॉटनचं बनियन अंगाला अजिबात नको, घामाने भिजतं आणि चेअरलिफ्टवर बसलं की पाठीवर बर्फाची लादी ठेवल्यासारखं होतं. हेल्मेट मात्र जुनं कुणाचं घेऊ नको, नवीन घे किंवा भाड्याने घे. मफलर, ओढणी, लोंबणारं काहीही लिफ्टवर नको, गळ्याला बफ, म्हणजे नळीसारखा शिवलेला गळपट्टा, घाला. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खालीसुद्धा लावायचं, ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अल्ट्राव्हायोलेट परत वर फेकतो, आपण काळे-सावळे आहोत म्हणून काही होत नाही हा गैरसमज माझ्या सोललेल्या नाकाने दूर केलेला आहे.

आता पिस्ट. ऑस्ट्रियात निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड, बस. फ्रान्सला गेलात तर तिथे निळीपेक्षा सोपी हिरवीही असते. पण रंग फक्त उतार सांगतो, त्या दिवशीची परिस्थिती सांगत नाही. सकाळी नऊला मखमलीसारखी असलेली तीच निळी पिस्ट दुपारी साडेतीनला उकिरडा झालेली असते, हजार लोकांनी खरवडून मधे मधे उघडा गोठलेला बर्फ, कडेला ढिगारे, वर ढग आले की सगळं पांढऱ्यावर पांढरं, खड्डा कुठे आणि उंचवटा कुठे तेच दिसत नाही.

तिथले नियम एकदा सगळ्यांनी बसून वाचा, फिस म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचे दहा नियम आहेत, अपघात झाला तर कोर्टातही त्यांच्यावरून चूक ठरवतात. त्यातला पुणेकरांनी घोकायचा नियम म्हणजे पुढचा माणूस राजा. तो कसाही वळो, अचानक थांबो, मागून येणाऱ्याने सांभाळायचं. हॉर्न मारला होता ना मग, हे इथे चालत नाही. आणि थांबायचं ते कायम कडेला, उंचवट्याच्या खाली मधोमध उभं राहून सेल्फी काढायचा नाही, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नसता.

लिफ्टबद्दल एकच सांगते. आंकर नावाचा एक प्रकार असतो, उलट्या टी-सारखा दांडा पार्श्वभागाला लावून तो आपल्याला वर ओढत नेतो. त्यावर बसायचं नाही! ओढून घ्यायचं. आपण सगळे सवयीने बसतो आणि धपकन खाली. पडलात तर पटकन बाजूला सरका, लाजत बसू नका, मागची जोडी येतच असते. मुलगी सव्वा मीटरपेक्षा बुटकी असेल तर चेअरलिफ्टवर शेजारी मोठं माणूस लागतं, तिच्या जॅकेटच्या खिशात तुमचा नंबर आणि घराचा पत्ता लिहून ठेव.

आता माझा गुडघा. दुसरं वर्ष, चौथा दिवस, मी एकदम फॉर्मात. दुपारचे साडेतीन वाजले होते, पाय लटपटत होते, मी म्हटलं गोंडोलाने खाली जाते. तर आमचे दीर म्हणाले, वहिनी, शेवटची एक राउंड, काय आता इतकं शिकलात आणि गोंडोलाने? दरीत उतरणारी ती शेवटची वाट, तालआबफार्ट म्हणतात तिला, लाल होती, सगळा डोंगर त्या एका वाटेने घरी निघालेला, आणि मी निघाले. वेगाने पडले असते तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी जवळजवळ थांबलेच होते. एका मुलाला वाट द्यायला म्हणून मागे झुकले, डाव्या स्कीची आतली कड बर्फात रुतली, स्की एकीकडे आणि मी दुसरीकडे, अगदी सावकाश, खुर्चीत बसल्यासारखी खाली बसले आणि आतून टक् असा आवाज आला. दुखलं नाही फारसं. उठायला गेले तर गुडघा बिजागरी निघालेल्या दारासारखा. पुढचं लिगामेंट गेलं होतं. खटकं उघडलंच नाही, कारण सावकाश वळत पडलं की पुरेसा झटका बसत नाही. ऑपरेशन, नऊ महिने फिजिओ, आणि आईचा पुण्याहून रोज फोन की तुला कुणी सांगितलं होतं.

दिरांचा दोष नाही म्हणा, हो मीच म्हटलं. पण तेव्हापासून आमच्या घरी 'शेवटची एक' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत असा नियम आहे. पाय थकले की ती राउंड आधीच झालेली असते. वरून गोंडोलाने खाली येण्यात कसलाही कमीपणा नाही, पासमध्ये ते पैसे दिलेलेच असतात. आणि आत्तापासून रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसा, उठाबशा काढा, पहिल्या दिवशी एक मिनिट होईल, सहा आठवड्यांत तीन होतील, मांड्या हेच तुमचं खरं इन्शुरन्स.

दुसरं इन्शुरन्सही घ्याच. तुमच्या जर्मन क्रांकनकासेच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या, कार्डावर ऑस्ट्रियात दवाखान्याचा खर्च बऱ्यापैकी भागतो, पण स्की एरियाजवळ खाजगी क्लिनिकं असतात त्यांचं बिल आणि डोंगरावरून उचलणाऱ्या हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं, ते हजारांत असतं. वर्षाला थोड्या युरोत परदेश-उपचाराची पॉलिसी मिळते, त्यात डोंगरावरची सुटका आहे का ते वाचून घे, किंवा जर्मन अल्पाइन क्लबचे, डीएव्हीचे मेंबर व्हा, त्यात माणशी पंचवीस हजार युरोपर्यंत सुटकेचा खर्च येतो आणि उन्हाळ्यात ट्रेकलाही चालतं. हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, असेलच तुमचा, नसेल तर घ्या, कुणाला धडकलात तर तोच वाचवतो. (इटलीत तर २०२२ पासून त्याशिवाय पिस्टवर जाताच येत नाही.) आई-बाबांच्या व्हिसासाठी तीस हजार युरोची पॉलिसी काढावीच लागते, पण त्यात आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलंय ते बघून घे.

पिस्टच्या बाहेर जायचं नाही, कुणाच्या तरी खुणा दिसतायत म्हणूनसुद्धा नाही. फॉर्म्युला वनचा मायकेल शुमाकर २०१३ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये मेरिबेलला पडला तो दोन आखलेल्या पिस्टांच्या मधल्या तुकड्यात, बर्फाखाली खडक होता, डोक्याला हेल्मेट होतं. हिमस्खलनाचा धोका पाच पातळ्यांत सांगतात आणि आपल्याला वाटतं तीन म्हणजे मधलं, पास होण्यापुरतं, पण तीन म्हणजे चांगलाच धोका, त्या दिवसांत खूप माणसं जातात. तुम्ही उघड्या पिस्टवर असाल तोवर ती काळजी करायला तिथे माणसं नेमलेली आहेत, पिस्ट बंदची पाटी असेल तर ती बंद, एवढंच. संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्यावर तर अजिबात वर रेंगाळू नका, तेव्हा बर्फ सपाट करणाऱ्या मशीन सुटतात आणि उतारावर त्या पोलादी दोराला बांधलेल्या असतात, तो दोर किलोमीटरभर लांब असतो, अंधारात दिसत नाही आणि ताणला की जमिनीवरून उसळतो.

कुणी पडलंच तर वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या खोचा म्हणजे येणाऱ्यांना कळतं. ऑस्ट्रियात डोंगरावरच्या सुटकेला १४०, कुठेही ११२. पिस्टच्या कडेच्या खांबावर नंबर असतो तो वाचून सांगायचा. एसओएस ईयू आल्प नावाचं ॲप टायरॉलमध्ये चालतं, तुमचं लोकेशन थेट पोचतं, घरूनच टाकून ठेवा. मोबाइल आतल्या खिशात, थंडीत बॅटरी बघता बघता बसते. त्याच खिशात शेंगदाण्याचे लाडू ठेव, चिक्की नको, मी नेली होती लोणावळ्याची, गारठ्यात दगड झाली आणि दाढेचं फिलिंग घेऊन गेली.

राहता राहिले आई-बाबा. त्यांना गोंडोलाचं नुसतं पायी जाणाऱ्यांचं तिकीट मिळतं, वर बसायला हुट, म्हणजे डोंगरावरचं खानावळवजा घर, असते, समोर विल्डर कायझर डोंगररांगेचे कडे इतके जवळ दिसतात की बाबा दिवसभर उठणार नाहीत. चालायला बर्फ दाबून केलेले रस्ते असतात. खरा धोका त्यांना स्कीपासून नाहीच, सकाळी दाराबाहेरच्या गुळगुळीत बर्फापासून आहे, तेव्हा बुटाला लावायचे काटे मिळतात ते दोन जोड्या घेऊन ठेव आणि पुण्याहून स्पोर्ट्स शूजवर येऊ देऊ नको. स्लेजिंगला, रोडेलनला, त्यांना कुणी आग्रह करेल तर नको म्हणा, दिसतं लहान मुलांचं पण वेग भरपूर घेतं. खाण्याचं म्हणशील तर कायझरश्मारन, केझेश्पेट्सले यांत अंडं असतं, चालत नसेल तर पोम्स आणि डब्यातल्या दशम्या.

आणि सासूबाईंना एक काम दे. त्या वर हुटमध्ये बसलेल्या असतील, हातात घड्याळ असतंच. त्यांना सांग, आई, अडीच वाजले की आम्हाला फोन करायचा आणि खाली चला म्हणायचं, तुमचा मुलगा माझं ऐकणार नाही पण तुमचं ऐकेल. त्या एक मिनिटही उशीर करणार नाहीत, उलट सव्वादोनलाच करतील. फक्त त्यांच्या फोनमध्ये आधीच इकडचं सिम टाकून दे.